नाशिकच्या क्लायंटचं वेबसाइटचं बिल परदेशात बसून कसं वसूल कराल
सातपूर-अंबडच्या कारखान्यात बिल सहसा मालकाकडे नाही, अकाउंट्सच्या टेबलावर अडकतं. परदेशी खात्यात पैसे पाठवायचे तर बँक कागद मागते, टीडीएस किती कापायचा हे सीएला विचारावं लागतं. म्हणून तुम्ही राहता त्या देशाचा टॅक्स रेसिडेन्सीचा दाखला (करासाठी तुम्ही तिथले रहिवासी आहात याचा सरकारी कागद) पहिल्या बिलासोबतच जोडा. अर्ज आधीच करून ठेवा, दाखला हातात पडायला वेळ लागतो. पैसे टप्प्यांनी घ्या: ४० टक्के आगाऊ, ४० डिझाइन पास झाल्यावर, उरलेले २० साइट लाइव्ह करण्याआधी. तोवर काम स्टेजिंगवरच, म्हणजे फक्त तपासायला ठेवलेल्या प्रतीवर. डोमेन मात्र क्लायंटच्याच नावावर हवं, ते अडवून धरणं अंगाशी येतं. तगादा फोनवरच लावा: नाशिकचे सकाळचे ११ म्हणजे बर्लिनला हिवाळ्यात साडेसहा, गजर लावून उठा. मार्चअखेरीस मात्र अकाउंट्सवाला फोन उचलेल ही आशा नको.