बॅरल प्रूफ बर्बन: निदान या चुका टाळा

बॅरल प्रूफ म्हणजे पाणी न घालता पिंपातल्या ताकदीवरच बाटलीत भरलेली बर्बन, अमेरिकेची मुख्यतः मक्याची व्हिस्की. स्टॅग, बुकर्स किंवा एलायजा क्रेग बॅरल प्रूफची बाटली हाती लागली की पहिली चूक ठरलेली: नेहमीसारखा साठचा पेग. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची, ही ६५ च्या आसपास. तिच्या ६० मिलीत आपल्या नव्वदीएवढं अल्कोहोल असतं. वर ग्लासात नाक खुपसून पहिलाच मोठा घोट. नाक-जीभ बधिर झाली की शेरा तयार: 'नुसतं जळतंय, एवढे पैसे कशाला?'

३० मिली पुरे. तोंडाशी निमुळता ग्लास घ्या आणि दहा मिनिटं हात लावू नका. वास घेताना तोंड किंचित उघडं, नाक काठाच्या वर. पहिला घोट जीभ ओली होण्यापुरता. मग ड्रॉपरने किंवा बिनसुईच्या सिरिंजने दोन-दोन मिली पाणी. ६५ टक्क्यांच्या ३० मिलीत ९ मिली पाणी गेलं की ती ५० वर येते. कॅरॅमल, ओक, दालचिनी वेगवेगळी कळू लागतात. पाणी घालणं ज्यांना कमीपणाचं वाटतं त्यांचं काय करायचं? पाण्याचं प्रमाण डिस्टिलरीने तुमच्यावर सोडलंय, त्याचेच तर पैसे मोजलेत.

दुसरं खूळ आकड्याचं. पिंपात भरताना बर्बन ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी, हा अमेरिकी कायदा. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या गोदामांत वरच्या मजल्यांवरच्या उष्ण, कोरड्या हवेत अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त उडतं, म्हणून आकडा चढतो. त्यावरून चव कळत नाही. २००७ ची जॉर्ज टी. स्टॅग होती १४४.८ प्रूफ, म्हणजे ७२.४ टक्के. सत्तरीपारच्या बाटल्यांना शौकीन 'हॅझमॅट' (धोकादायक माल) म्हणतात आणि जीव टाकून शोधतात. मग कुणीतरी असली बाटली मोज्यांत गुंडाळून मुंबईच्या विमानासाठी बॅगेत भरतो. ७० टक्क्यांवरची दारू प्रवाशाला नेताच येत नाही, ना हातात ना चेक-इनमध्ये. बाटली अमेरिकेतच राहते, रिकामे मोजे घरी येतात.

अमेरिकी प्रूफ निम्मं केलं की टक्के मिळतात. भारतीय लेबलवरचं ७५ डिग्री प्रूफ जुन्या ब्रिटिश मापातलं. तुलना करू नका.

मित्राने वाखाणली म्हणून घेताना बॅच बघा. एलायजा क्रेगची 'सी९२३' म्हणजे २०२३ ची तिसरी बॅच, सप्टेंबरची, ६६.५ टक्के. त्याच वर्षीची 'बी५२३' ६२.१ ची आणि वयाने दोनेक वर्षं लहान.

बर्फाने गढूळ झाली तर भेसळ समजू नका. गढूळपणा टाळायला व्हिस्की थंड करून गाळतात, बहुतेक अशा बर्बन तशा गाळलेल्या नसतात.

बाटली उभीच ठेवा, आडवीत बूच खराब होतं. निम्म्याखाली आली की लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून घ्या.