पलटणीत गेलेल्या आजोबांच्या काकांचं नाव कसं शोधायचं

ऐरोली, घणसोली, कळवा, ठाणे, कोकणातली कितीतरी घरं इकडे आहेत आणि बऱ्याच घरांत हे ऐकायला मिळतं की आजोबांचे एक काका पलटणीत होते, बसऱ्याला नाहीतर इटलीला गेले ते आलेच नाहीत. फोटो नाही, लग्न झालेलं नव्हतं, एवढीच माहिती.

आधी नेट उघडू नका, गावाला फोन लावा. चुलत आजीला विचारा वडिलांचं नाव काय, पलटण कुठली, पेन्शन कोणाला यायची. ट्रंकेत मेडल असेल तर त्याची कड बघा, बऱ्याचदा तिथे नंबर आणि नाव कोरलेलं असतं (घासून चकचकीत करू नका प्लीज).

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची साइट, फुकट आहे. दोन्ही महायुद्धांत सैन्यात असताना जे गेले ते सगळे यात धरतात, आजाराने गेलेले पण. इथे खरी गंमत स्पेलिंगची, पवारचं पोवार होतं, आणि कधी अख्खं नाव आडनावाच्या रकान्यात असतं, म्हणून एकदा नुसतं पहिलं नाव टाकून बघा. जिल्हा रायगड टाकलात तर काही मिळणार नाही, तेव्हा तो कुलाबा होता, आणि सिंधुदुर्गवाल्यांनी रत्नागिरी टाकायचं, सावंतवाडी संस्थानातलं गाव असेल तर सावंतवाडी. नशीब असेल तर 'अमक्याचा मुलगा, अमकं गाव' अशी ओळ सापडते, तीच खरी खूण, कारण एकाच नावाचे चार-चार निघतात.

नाव मिळालं की स्मारक कळतं. व्हीसी (व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक) मिळालेले नाईक यशवंत घाडगे रायगडचेच, १० जुलै १९४४ ला इटलीत गेले तेव्हा २२ वर्षांचे होते, त्यांचं नाव तिकडे कसिनोच्या स्मारकावर आहे आणि पुतळा माणगावला. गोवा हायवेने गावी जाताना मुलांना घेऊन थांबा की तिथे.

१९४७ नंतरच्या जवानांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावरची नावं बघायची, कागदपत्रांचं काही असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय.

आणि घरी पितृपक्ष करत असाल तर शस्त्राने गेलेल्यांची तिथी चतुर्दशी असते, बरेच जण सर्वपित्रीलाच सगळं उरकतात. त्या दिवशी पान वाढताना नाव, नंबर, पलटण मोठ्याने वाचा आणि तोच कागद फॅमिली ग्रुपवर टाका, कोणीतरी काका नक्की लिहितील की नाव चुकलंय, त्यांनाच पुढची माहिती विचारा.