वाडीच्या आरोग्य निधीची वर्गणी कशी ठरवावी

आपल्याकडे वाडीची वर्गणी घरटी सारखी काढण्याची रीत आहे आणि देवळाच्या उत्सवापुरती ती चालूनही जाते. मात्र आजारपणासाठी निधी उभारताना तीच रीत धरली, तर ज्याच्या हातात कमी त्याच्यावरच अधिक भार पडतो. म्हणून रक्कम ठरवण्याआधी प्रत्येक घराची ऐपत मोजावी.

घराच्या महिन्याच्या एकूण खर्चातून जेवणाखाण्याचा किमान खर्च वजा केला की ऐपत कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी रूढ केलेल्या मापानुसार, उपचारांसाठी पदरचे गेलेले पैसे या ऐपतीच्या ४० टक्क्यांवर पोचले, तर तो घर मोडणारा खर्च समजावा. समजा, खलाशाच्या घरात महिन्याला १२,००० रुपये खर्च होतात आणि त्यांतले ७,००० जेवणाला लागतात. उरलेल्या ५,००० पैकी औषधपाण्यावर २,२०० गेले, तर ते ४४ टक्के झाले. शिक्षकाच्या घरी ४०,००० पैकी १२,००० जेवणाला जात असतील, तर तेच २,२०० आठ टक्क्यांच्याही आत बसतात.

या हिशेबातून एक माणूस मात्र निसटतो. पैशांअभावी जी बाई दवाखान्याची पायरीच चढली नाही, तिचा खर्च शून्य दिसतो आणि कागदावर तिचे घर सुखरूप ठरते. मला ही या मोजणीतली सर्वांत दुखरी जागा वाटते. म्हणून ‘वर्षभरात घरात कोणी दुखणे अंगावर काढले का?’ हे घरातल्या बायकांना वेगळे बसवून अवश्य विचारावे. गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात किंवा कोल्हापूरला नेण्याचे गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी यांची नोंदही निराळी ठेवावी.

त्यानंतर ऐपतीनुसार तीन-चार टप्पे पाडावेत. रवांडात २०११ पासून सामुदायिक आरोग्यविम्याचा हप्ता घराच्या आर्थिक स्थितीवरून ठरू लागला आणि अगदी गरिबांचा हप्ता सरकार व देणगीदारांनी उचलला. वाडीतही शेवटच्या टप्प्याची वर्गणी बागायतदारांनी आणि चाकरमान्यांनी भरावी.

पैसे आजारपणाआधी गोळा व्हावेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची, साथही पावसातच येते. त्यामुळे आंबेवाल्यांकडून मे महिन्यात आणि होडीवाल्यांकडून हंगामात हप्त्याहप्त्याने वर्गणी घ्यावी.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. तेव्हा निधी प्रथम गाडीभाडे आणि बाहेरून आणावी लागणारी औषधे यांसाठी राखावा. कोणाचा हप्ता कोणी भरला, हे सभेत कधीही वाचून दाखवू नये.