नव्या हेडफोनचे ‘बर्न-इन’ : या चुका टाळा

नवा हेडफोन कानावर चढवला आणि आवाज अपेक्षेपेक्षा कोरडा किंवा टोचणारा वाटला, की हमखास एक सल्ला मिळतो : ‘१०० तास वाजू द्या, मग आवाज खुलेल.’ यालाच ‘बर्न-इन’ म्हणतात. नव्या तबल्याची पुडी बसायला वेळ लागतो, नवी कोल्हापुरी चप्पलही पायाला बसेपर्यंत चावते, त्यामुळे हेडफोनचेही तसेच असणार, हे आपल्याला लगेच पटते. मात्र या सल्ल्यापायी सदोष हेडफोन गळ्यात पडलेला मी घरातच पाहिला आहे.

माझ्या भाच्याच्या नव्या हेडफोनमध्ये डग्ग्याचा घुमारा आला की उजव्या बाजूने बारीक खरखर येत असे. दुकानदाराने ‘अजून मोकळा व्हायचा आहे’ असे सांगितले आणि त्याने भक्तिभावाने वाट पाहिली. १०० तास म्हणजे अखंड वाजवले तर ४ दिवस आणि ४ तास. रोज २ तास ऐकणाऱ्याला त्यासाठी ५० दिवस लागतात. ऑनलाइन खरेदीत वस्तू बदलून घेण्याची मुदत बहुधा ७ ते १० दिवसांची असते आणि दुकानातही ती फार मोठी नसते. खरखर गेली नाही, मुदत मात्र निघून गेली. म्हणून माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे : दोष आहे की नाही हे तपासण्याचे दिवस ‘खुलण्याची’ वाट पाहण्यात घालवणे.

या समजुतीमागे थोडे तथ्य आहे, पण ते मोठ्या स्पीकरच्या बाबतीत. स्पीकरच्या शंकूला मागून धरून ठेवणारी कडक कापडी चकती आणि त्याची लवचीक कडा सुरुवातीच्या वापरात किंचित सैल होतात, त्यामुळे खर्जाकडच्या आवाजात मोजता येण्याजोगा फरक पडतो. हेडफोनमध्ये बहुधा केसापेक्षाही पातळ असा प्लास्टिकचा पडदा असतो, त्याची हालचाल अगदी सूक्ष्म असते आणि स्पीकरसारखी जड कापडी चकती त्याला सहसा नसतेच. वापराआधी आणि वापरानंतर घेतलेल्या मोजमापांत जो फरक दिसतो, तो इतका थोडा असतो की हेडफोन काढून पुन्हा घातल्याने पडणारा फरक त्याहून मोठा भरतो.

तरीही महिन्याभराने आवाज चांगला वाटू लागतो, हा अनेकांचा अनुभव खोटा नाही. दोन गोष्टी खरोखर बदललेल्या असतात. कानावरच्या गाद्या उबेने आणि दाबाने मऊ होऊन डोक्याच्या आकाराला बसतात, आणि आपला कान त्या आवाजाला सरावतो. सरावाची खातरजमा करणे सोपे आहे : दोन दिवस फक्त जुना हेडफोन वापरून नव्याकडे परत यावे. पहिल्या दिवशीचा खटकणारा सूर पुन्हा खटकला, तर बदलला होता तो कान.

गादी कानाभोवती नीट न बसणे

आवाज पोकळ वाटतो तेव्हा मी सर्वांत आधी इथे पाहतो. कान पूर्ण झाकणाऱ्या बंद हेडफोनचा खर्ज गादी आणि त्वचा यांच्यात कोंडलेल्या हवेवर अवलंबून असतो. चष्म्याची काडी, केसांची बट किंवा कानातले गादीखाली आले की तिथून हवा निसटते आणि १०० हर्ट्झच्या खालचा आवाज १० डेसिबलनेही घटू शकतो. काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते आणि डग्ग्याचा घुमाराही याच परिसरातला असतो, म्हणून आपल्या संगीतात ही गळती लगेच उघडी पडते. गाणे चालू असताना दोन्ही तळव्यांनी कप हलकेच दाबून पाहावेत. खर्ज एकदम भरून आला, तर उपाय गादी सरकवण्यात, डोक्यावरची पट्टी एक-दोन खाचा कमी-जास्त करण्यात किंवा चष्मा उतरवून ऐकण्यात आहे. कानात घालायच्या इअरफोनला हेच रबरी टोप्यांबाबत लागू पडते. सोबत आलेले तिन्ही आकार दोन्ही कानांत वेगवेगळे घालून पाहावेत, कारण अनेकांच्या डाव्या आणि उजव्या कानांना वेगळा आकार लागतो.

जोडणीतला दोष हेडफोनच्या माथी मारणे

फोनच्या जाड कव्हरमुळे ३.५ मिलिमीटरची पिन शेवटपर्यंत आत जात नाही आणि तिचा सामायिक संपर्क सुटतो. मग डाव्या आणि उजव्या बाजूंमधला फरक तेवढा ऐकू येतो : मधोमध असलेला गायकाचा आवाज आणि खर्ज नाहीसे होतात, प्रतिध्वनी मात्र राहतो. कव्हर काढून पिन दाबली की तोच हेडफोन जागच्या जागी ‘खुलतो’. ब्लूटूथच्या बाबतीत बऱ्याच लॅपटॉपवर वेगळी अडचण येते. एखाद्या मीटिंगच्या अ‍ॅपने हेडफोनचा माइक धरून ठेवलेला असेल, तर जोडणी कॉलच्या पद्धतीत जाते आणि संगीतही टेलिफोनसारखे एकसुरी ऐकू येते. ते अ‍ॅप बंद करावे किंवा माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडावा. तसेच २५० किंवा ३०० ओमचा, म्हणजे जास्त विद्युत-अवरोधाचा स्टुडिओ हेडफोन थेट फोनला लावला, तर आवाज बहुधा क्षीण येतो. त्याला अ‍ॅम्प्लिफायर हवा असतो.

रात्रभर मोठ्या आवाजात नॉइज वाजवणे

‘पिंक नॉइज’ (धबधब्यासारखा एकसलग खळखळाट) पूर्ण आवाजात रात्रभर चालू ठेवून हेडफोन उशीखाली झाकून ठेवणारे लोक मला ठाऊक आहेत. यात मिळवण्यासारखे काही नाही. पूर्ण आवाजामुळे ड्रायव्हरमधली, म्हणजे आवाज निर्माण करणाऱ्या भागातली तारेची गुंडाळी तापते, आणि वायरलेस हेडफोन एका चार्जिंगवर ६ तास चालत असेल तर १०० तासांसाठी बॅटरी १६-१७ वेळा रिकामी करून भरावी लागते. ऐकण्याच्या तासांचा तर वेगळा हिशेब ठेवायला हवा, कारण जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे.

आठवणीच्या आधारे तुलना करणे

आवाजातले बारीक तपशील आपल्या स्मरणात काही सेकंदच टिकतात, त्यामुळे पहिल्या आणि पन्नासाव्या दिवसाची तुलना करता येत नाही. त्यातच, एक डेसिबलभर मोठा असलेला आवाज आपल्याला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. दुकानात वापरातला नमुना ठेवलेला असेल, तर तो आणि आपला नवा हेडफोन एकाच गाण्याच्या त्याच १० सेकंदांवर, आवाज सारखा करून, लागोपाठ ऐकावा. वापरलेल्या नमुन्याच्या गाद्या मऊ झालेल्या असतात, हे त्या वेळी ध्यानात ठेवावे.

खरा दोष ओळखण्यासाठी पहिल्याच दिवशी अर्धा तास काढावा. मध्यम आवाजात २० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा स्वर वाजवावा आणि कुठे खरखर किंवा फडफड होते का ते ऐकावे. त्यानंतर एकाच बाजूला आवाज कमी वाटत असेल, तर हेडफोन उलटा घालावा, म्हणजे डावा कप उजव्या कानावर जाईल. क्षीण बाजू कपासोबत दुसऱ्या कानावर गेली तर दोष हेडफोनमध्ये किंवा त्याच्या जोडणीत आहे, म्हणून दुसऱ्या फोनवरही तेच करून पाहावे. ती त्याच कानावर राहिली तर आधी त्या कानातला मळ डॉक्टरांकडून तपासून घ्यावा. खरखर किंवा असमतोल हेडफोनचाच निघाला, तर तो कितीही तास वाजवून जात नाही. बिल आणि पेटी घेऊन त्याच आठवड्यात बदलून मागावा.