पाचट पेटवणाऱ्याला आधी विचारा, मशीन नंतर मागवा : यांत्रिकीकरणाचा चार्ज नव्याने मिळालेल्यांसाठी

कृषी खात्यात यांत्रिकीकरण आणि पीक अवशेषांचं काम तुमच्याकडं आलं की पहिल्याच आठवड्यात हातात एक एक्सेल शीट पडते, किती ट्रॅक्टर, किती रोटाव्हेटर, किती अर्ज पेंडिंग, लक्ष्यांक किती आणि साध्य किती, आणि त्याच दिवशी वरून फोन येतो की तुमच्या तालुक्यात उसाचं पाचट (तोडणीनंतर फडात राहणारा वाळका पाला) लई जळतंय, ते थांबवा. नवा माणूस काय करतो तर लगेच "पाचट जाळू नका" चे फ्लेक्स छापतो आणि मशीनची मागणी वर पाठवतो. मीही हेच केलं होतं, फ्लेक्स चांगले निघाले, पावसाळ्यात लोकांनी कडब्याच्या गंजीवर टाकले.

तर पहिलं काम म्हणजे संध्याकाळी जिथं धूर दिसतोय तिथं जायचं, एकटं, शक्यतो सरकारी पाटी नसलेल्या वाहनानं, आणि दंडाची भाषा न करता विचारायचं की दादा, काडी का लावली? उत्तरं साधी असतात पण प्रत्येकाचं वेगळं असतं. एक म्हणतो पाचटातून पाणी पुढं सरकत नाही, दुसरा म्हणतो उंदीर आणि साप होतात, तिसऱ्याला खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला) बगला फोडायच्या, म्हणजे सरीच्या बाजू औतानं मोडायच्या असतात आणि पाचटात औत चालत नाही, आणि एखादा खरं बोलतो, शेजाऱ्यानं पेटवलं तर माझंही जाणारच, मग ठिबकच्या नळ्या गोळा करून आपणच लावलेली बरी. आता बघा, यात मशीनचा प्रश्न फक्त एकाचाच आहे. पाण्यावाल्याला सरी आड सरी पाचट दाबायला शिकवायचं, बगलावाल्याला सांगायचं की पाचट ठेवलं तर बगला फोडायचीच गरज नाही, खत पहारीनं बुडख्याजवळ भोक पाडून द्यायचं, राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ही शिफारस कितीतरी वर्षांची आहे. आणि शेजाऱ्यावाल्यासाठी सगळ्या शिवाराची मिळून बैठक, एकेका शेतकऱ्याला पटवून तिथं काही होत नाही.

मग मोजायला लागा. ऑफिसात बसून "अंदाजे" लिहू नका. काठ्या आणि सुतळी घेऊन १ मीटर बाय १ मीटरची चौकट करा, तोडलेल्या फडात पाच ठिकाणी टाका, आतलं पाचट गोळा करून पोत्यात भरा आणि ताणकाट्याला लटकवा. एका चौकटीत १ किलो भरलं तर हेक्टरी १० टन, म्हणजे एकरी ४ टन. आमच्याकडं साधारण हेक्टरी ८ ते १० टनांच्या आसपास भरायचं. हे शेतकऱ्याच्या समोर करा, त्यालाच काटा वाचायला लावा, कारण "एकरी ४ टन" हा आकडा तुम्ही माइकवर सांगितला तर जांभई येते आणि त्यानं स्वतः पोतं उचललं की तोच दुसऱ्याला सांगत सुटतो की अरे आपण ट्रॉलीभर खत जाळतोय.

आता मशीनचा हिशोब. समजा पाचट कुट्टी मशीनची कामाची रुंदी दीड मीटर, ट्रॅक्टर ताशी ३ किलोमीटर, म्हणजे कागदावर तासाला ४,५०० चौरस मीटर. पण वळणं, चोक होणं, बांध, डिझेल, चहा हे सगळं धरून ७० टक्के पकडा, म्हणजे तासाला पाऊण एकराच्या आसपास. दिवसाला ७ तास, हंगामात कामाचे ४० दिवस, झाले २१० एकर, त्यातून मोडतोडीचा चौथा हिस्सा काढा, राहिले साधारण १६० एकर. गावात खोडवा ६०० एकर असेल तर चार मशीन लागतात, तुमच्या शीटमध्ये एक दिलेलं असतं आणि "साध्य १०० टक्के" लिहिलेलं असतं. वरच्या बैठकीत हा हिशोब पानभर लिहून न्या. आणि दुसऱ्या बाजूनंही बघा, वीस मशीन मंजूर करून ती गोठ्यात उभी राहिली तर त्याचा काय उपयोग, पंजाब-हरियाणात २०१८-१९ पासून केंद्राच्या योजनेतून भाताच्या पेंढ्यासाठी मशीनं भरपूर दिली, पण भात निघून गहू पेरायचा मधला वेळ जेमतेम तीनेक आठवड्यांचा, म्हणजे मशीन वर्षातले बाकीचे महिने नुसतं उभं. म्हणून मी नोंदीला "किती वाटली" ऐवजी "किती तास चालली" हा रकाना स्वतःच वाढवला. ट्रॅक्टरचा अवरमीटर बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

अनुदान कसं असतं ते तुम्हाला माहीतच असेल, यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून आहे, अल्प-अत्यल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना बहुतेक औजारांना ५० टक्के, बाकीच्यांना ४० टक्के, वर कमाल मर्यादा वेगळी. पण लोक अडकतात ते इथं नाही, अडकतात पूर्वसंमतीच्या, म्हणजे खरेदीआधी मिळणाऱ्या मंजुरीच्या तारखेत. पूर्वसंमतीच्या आधीचं बिल जोडलं की फाइल गेली. तसंच औजाराचा टेस्ट रिपोर्ट, मध्य प्रदेशातल्या बुधनीच्या केंद्रीय संस्थेचा किंवा मान्यता असलेल्या दुसऱ्या संस्थेचा, त्यातलं मॉडेल आणि पाटीवरचं मॉडेल अक्षर न अक्षर जुळतंय का हे मोका तपासणीला जाणाऱ्या कृषी सहायकाला (आता पदनाम बदललंय, गावात अजून सहायकच म्हणतात) आधीच शिकवा, नंतर ऑडिटला उत्तर तुम्हालाच द्यायचंय. औजार बँक (गटानं औजारं ठेवून भाड्यानं द्यायची सोय) मंजूर करताना माझा एकच प्रश्न असायचा, ड्रायव्हर कोण? आणि पाती घासली तर कुठून आणणार? गटाच्या अध्यक्षाला याचं उत्तर नसेल तर मी प्रस्ताव एक महिना थांबवायचो, त्यावरून शिव्याही खाल्ल्यात.

डेमोचं सांगतो. माझा पहिला मोठा डेमो मी सकाळी ८ ला ठेवला, वरचे साहेब येणार होते, दोनशे लोक जमले, मंडप, नारळ, सगळं. जानेवारीचे दिवस, पाचटावर दव. मशीन तीस फूट गेलं आणि ओलं पाचट रोटरला असं गुंडाळलं की ड्रायव्हर खाली उतरून विळ्यानं कापत बसला, अर्धा तास. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "साहेब, काडी आणू का?" सगळा फड हसला, मीही हसलो, काय करणार. तेव्हापासून डेमो ११ च्या आधी नाही, पाचट हातात घेऊन मुरगळायचं, कडकड मोडलं तरच ट्रॅक्टर सुरू. आणि डेमो त्याच शेतात करा जिथला माणूस "हे काय जमत नाही" म्हणतो, हौशी शेतकऱ्याच्या बागेत केलेला डेमो फोटोपुरता असतो.

कुट्टी करून विषय संपत नाही हे लक्षात ठेवा. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र एकदम कमी, नुसतं सोडलं तर कुजवणारे जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा दिसायला लागतो, मग शेतकरी म्हणतो कृषी खात्याचं ऐकलं आणि ऊस गेला. म्हणून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन, ते शेणखतात मिसळून, आणि लगेच पाणी. त्याआधी बुडखे जमिनीलगत छाटायचे आणि त्यावरचं पाचट बाजूला ओढायचं, नाहीतर फुटवा दबतो. संवर्धनाची पाकिटं गोडाऊनच्या पत्र्याखाली मार्च-एप्रिलभर पडून असतील तर आतले जिवाणू कधीच मेलेले असतात, वाटायच्या आधी तारीख बघा, आणि शक्य असेल तर हंगामाच्या तोंडावरच मागवा.

कापसाच्या पट्ट्यात असाल तर वरचा निम्मा सल्ला बाजूला ठेवा, तिथं पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडांच्या काड्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथं घाई चांगली, कारण पऱ्हाटी आणि किडकी बोंडं शेतात उभी राहिली की गुलाबी बोंडअळीला घर मिळतं, त्यामुळं फरदड (हंगाम संपल्यावरही कापूस तसाच राखून घेतलेलं जादा पीक) न घेता डिसेंबरअखेर पीक काढून श्रेडर, म्हणजे पऱ्हाटी बारीक करणारं मशीन, मारायचा. पण त्या पऱ्हाटीवर गावातल्या कित्येक घरांची चूल चालते, तेव्हा नियोजनाच्या बैठकीला बायका नसतील तर तुमचं नियोजन कागदावरच राहतं. ज्यांना जळण नको त्यांनी बारीक करून नाडेपला वापरावं, १० बाय ६ बाय ३ फुटांचं विटांचं जाळीदार टाकं, तीन-चार महिन्यांत खत तयार, आणि ही पद्धत यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या पांढरीपांडे यांची हे तिथल्या लोकांना आवर्जून सांगा, आपल्याकडच्या माणसाचं म्हटलं की ऐकतात.

सुरक्षेबद्दल मी चिडतो, माफ करा. डेमोला पीटीओ शाफ्टचं (ट्रॅक्टरमागचा, औजार फिरवणारा दांडा) कव्हर नसेल तर डेमो रद्द, साहेब आलेले असले तरी. शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, धोतराचा सोगा किंवा ओढणी अडकली की ओरडायला वेळ मिळत नाही. मळणी यंत्रासाठी तर १९८३ चा कायदाच आहे, धोकादायक यंत्रांचा, तरी घास टाकायची पन्हाळ कापून लहान केलेली यंत्रं मी दर हंगामात बघितली. तपासणीच्या फॉर्ममध्ये हा मुद्दा नसेल तर पेनानं लिहून वाढवा.

आणि मार्चचं. निधी बहुतेक वेळा उशिरा येतो आणि ३१ तारखेपर्यंत उडवायचा असतो, तोपर्यंत ऊसतोड संपत आलेली असते आणि पाचट जळून गेलेलं असतं. म्हणून सप्टेंबरातच गावनिहाय यादी, ड्रायव्हरांचे नंबर, पात्यांचा स्टॉक आणि डेमोच्या जागा नक्की करून ठेवा, पैसे आले की फक्त सही राहिली पाहिजे. बदली झाली तर ही यादी पेनड्राइव्हवर नको, छापून फाइलला लावून द्या, माझ्या आधीच्यांनी पेनड्राइव्हवर दिली होती, त्यात नातवाच्या बारशाचे फोटो निघाले.