एनएमसीची इंटरिम ऑर्डर आली तर

रात्रपाळी उतरून चहाचं आधण ठेवलं होतं, तेवढ्यात एनएमसीचा, म्हणजे इथल्या नर्सेसची नोंदणी आणि चौकशी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलचा, ई-मेल आला: इंटरिम ऑर्डरसाठी सुनावणी. आधण आटून गेलं तरी मी वाचतच होते. पुढे बरेच महिने अटींखाली काम केलं. इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या आपल्या मुलींसाठी लिहितेय.

इंटरिम ऑर्डर ही शिक्षा नव्हे, चौकशी संपेपर्यंतचा बंदोबस्त आहे. पॅनेल तुम्ही चुकलात का हे ठरवत नाही. तोवर पेशंटला धोका आहे का, हे मुख्यतः बघतं. मला हे कुठं ठाऊक! एका आजोबांना गोळी दोनदा कशी गेली, वॉर्डात त्या रात्री माणसं किती कमी होती, हेच मी घोकत बसले होते. युनियनच्या बाईंनी अडवलं: ते नंतर, आधी काय सुधारलंय ते दाखवा. म्हणून ई-मेल आला त्याच दिवशी युनियनला फोन करा. सभासद नसाल तर आजच व्हा, जुन्या प्रकरणाला नवं सभासदत्व सहसा चालत नाही. मॅनेजरचं पत्र आणि औषधांच्या ट्रेनिंगचे कागद सुनावणीआधी पाठवा, आणि सुनावणीला हजर राहाच.

ऑर्डर दोन प्रकारची. सस्पेन्शन म्हणजे नर्स म्हणून काम बंद; नाहीतर अटी. एका वेळी जास्तीत जास्त 18 महिने, वाढवायची तर कोर्टाकडून. पहिला आढावा 6 महिन्यांच्या आत. व्हिसा स्पॉन्सरशिपवर असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, ब्रेकरूममधल्या गप्पांवर जाऊ नका.

माझ्या अटी: देखरेखीशिवाय औषधं द्यायची नाहीत, शिफ्टची इन्चार्ज व्हायचं नाही, एजन्सीतर्फे शिफ्ट बंद, नोकरी धरली किंवा सोडली की 7 दिवसांत एनएमसीच्या केस ऑफिसरला कळवायचं. तब्येतीच्या सोडून बाकी अटी एनएमसीच्या ऑनलाइन रजिस्टरवर कुणालाही दिसतात, त्यामुळे नव्या मॅनेजरला आपणच आधी सांगितलेलं बरं.

आणि एक वही करा. माझी निळी होती: तारीख, वेळ, औषधांचा राउंड, शेजारी उभ्या नर्सची सही. पेशंटचं नाव चुकूनही नाही. सही तिथल्या तिथे घ्या. एकदा माझी राहिली, ती नर्स रजेवर गेली आणि दहा दिवस माझी झोप उडाली.

दुसऱ्या आढाव्यात देखरेखीची अट काढून टाकली. त्या रात्री ट्रॉली लावली, सवयीने वही उघडली आणि शेजारी बघितलं, तर कुणी नव्हतं.