फ्रीलान्स कामाचे पैसे अडकू नयेत म्हणून बोलणी करताना या चुका टाळा

पेमेंट लेट झालं की सगळा राग क्लायंटवर निघतो, पण बऱ्याचदा गोची आधीच झालेली असते, काम घेतानाच, कारण रेटवर भरपूर घासाघीस होते आणि पैसे कधी, कशावर, कोणाच्या सहीने सुटणार हे कुणी विचारतच नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे "३० दिवसांत पेमेंट" एवढ्यावर हो म्हणणं. ३० दिवस कधीपासून? बिलाच्या तारखेपासून, बिल अकाउंट्सला मिळाल्यापासून, की काम अप्रूव्ह झाल्यापासून? अप्रूव्हलपासून असेल आणि अप्रूव्हलला मुदतच नसेल तर ते ३० दिवस कधी सुरूच होत नाहीत, आधी मॅनेजर सुट्टीवर, मग वरच्या साहेबांना बघायचंय, मग "एक छोटासा बदल". काही ठिकाणी तर महिनाअखेरीपासून मोजतात, म्हणजे २ तारखेचं बिल असेल तर पैसे यायला जवळपास दोन महिने. म्हणून दोन ओळी लिहूनच घ्या: डिलिव्हरीनंतर ७ दिवसांत लेखी काही कळवलं नाही तर काम मान्य धरलं जाईल, आणि मुदत बिलाच्या तारखेपासून मोजली जाईल. रेट थोडा कमी झाला तरी एकवेळ चालेल, पण या दोन ओळी सोडू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक, सगळे पैसे शेवटी. ॲडव्हान्स मागायला लाजू नका. मोठं काम असेल तर टप्पे पाडा, समजा ४०-४०-२०, शेवटचा टप्पा लहानच ठेवा. आणि टप्पा तुमच्या हातातल्या गोष्टीला बांधा, "ड्राफ्ट दिल्यावर" चालेल, "साइट लाइव्ह झाल्यावर" नको, ती कधी लाइव्ह होणार ते तुमच्या हातात नाही.

मध्ये एजन्सी असेल तर "आम्हाला आले की तुम्हाला देतो" हे वाक्य येतंच. इथे शांतपणे नाही म्हणा, त्यांच्या क्लायंटने पैसे बुडवायची रिस्क तुम्ही का घ्यायची? मधलं मार्जिन तर तेच घेतात ना.

मोठी कंपनी म्हणते आमची पॉलिसी ६० दिवसांची आहे. पॉलिसीशी भांडून समोरच्या माणसाला काहीच करता येत नाही, त्यापेक्षा त्याच्या हातात जे आहे ते मागा: "६० दिवस ठीक आहे, मग ॲडव्हान्स ५० टक्के करूया आणि बिल दर १५ दिवसांनी लावतो." लवकर पेमेंटसाठी सूट द्यायचा विचार असेल तर आधी हिशोब करा, १० दिवसांत दिले तर २ टक्के सूट, नाहीतर ३० दिवस, म्हणजे पैसे २० दिवस आधी मिळवायला २ टक्के सोडायचे, ही ऑफर वर्षाच्या व्याजात बघितली तर जवळपास ३७ टक्के पडते! खरंच कॅशची नड असेल तरच द्या.

आता बिल अडकलंय तर काय बघायचं. पीओ नंबर (क्लायंटच्या परचेस ऑर्डरचा नंबर) बिलावर आहे का, व्हेंडर रजिस्ट्रेशन, म्हणजे क्लायंटच्या सिस्टीममध्ये तुमची नोंद, पूर्ण झालंय का, बिलावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव सेम आहे का. निम्मी भानगड इथेच असते, आणि हे सगळं पहिलं बिल पाठवायच्या आधी करून ठेवता येतं. परदेशातलं पेमेंट असेल तर बँक चार्जेस कोण भरणार आणि टॅक्स कापून येणार का तेही आधीच विचारा. फॉलोअपमध्ये "काही अपडेट?" असं लिहून काही होत नाही, अकाउंट्सला सरळ विचारा की हे बिल कुठल्या तारखेच्या पेमेंट रनमध्ये, म्हणजे एकत्र पैसे सोडण्याच्या फेरीत, आहे.

कायदाही बघून ठेवा. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून फ्रीलान्सर्ससाठी वेगळा कायदा आहे, करारात तारीख नसेल तर काम झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. युरोपियन युनियनच्या २०११ च्या नियमांत उशिरावर व्याज मागता येतं. तुमच्याकडे जो नियम लागू असेल त्याचा उल्लेख करारात आणि बिलावर करा.

कामाचे हक्क पूर्ण पेमेंट झाल्यावरच ट्रान्सफर होतील आणि बिल १५ दिवस थकलं तर काम थांबेल, हेही करारात टाका, आणि तशी वेळ आली तर मेल करून खरोखर थांबवा, पुढचा टप्पा "नंतर बघू" म्हणून देऊन टाकू नका.